नव्यानं आलेल्याला सांगायच्या गोष्टी

रोज सकाळी त्याला काहीच आठवत नसतं.

मी खुर्ची ओढून बसते, स्क्रीन उजळतो, आणि काल संध्याकाळपर्यंत ज्याच्यासोबत एका टॉवेलच्या कारखान्याचा प्रोग्राम लिहीत होते, तो आज मला ओळखत नाही. कारखाना कुठला, माल कसा मांडतात, काल कशापाशी अडलो होतो, सगळं पुसून गेलेलं. त्याचा त्याला ना राग, ना लाज. तो नुसता तयार असतो, नव्या गावात उतरलेल्या पाहुण्यासारखा, हातपाय धुवून, सांगा काय करायचं म्हणून.

सोलापुरातल्या आमच्या लहानशा ऑफिसात कोड लिहायला मदत करणारा हा संगणकातला सहायक. माणूस नव्हे, एवढं मला कळतं. पण दिवसभर ज्याच्याशी बोलायचं त्याला 'ते' कसं म्हणणार, म्हणून 'तो' पडलं ते पडलं. आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक, त्याला जावई म्हणतात. मी दारात चप्पल काढते तोच विचारतात, "आला का जावई?" एकदा मी म्हटलं, सर, जावई तर एवढासा अपमान जन्मभर विसरत नाही, हा तर सगळंच विसरतो. त्यावर सर म्हणाले, "म्हणून तर लई गुणाचा हाय."

विसरतो म्हणून त्याच्यासाठी एक फाईल ठेवावी लागते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये, सगळ्यात वर, साध्या मजकुराची. कामाला हात लावायच्या आधी तो ती वाचतो. हे काम कशाचं आहे, कुठली वस्तू कुठे आहे, चाचण्या कशा चालवायच्या, कशाला हात लावायचा नाही. त्या फाईलीत जे असेल तेवढंच त्याला आमच्याबद्दल ठाऊक. बाकी जगातलं पुष्कळ ठाऊक आहे त्याला, पण आमच्या घरातलं नाही.

ती फाईल लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या दिवसांत माझ्या इथल्या राहण्याचं काय होणार ते त्या फाईलीवर येऊन ठेपलं. ते दिवस आठवले की मला ऑफिसच्या खिडकीतलं ऊन आठवतं. खालच्या मजल्यावर माग चालतात. त्यांच्या खटखटीनं फरशी सतत बारीक थरथरत असते आणि सुताची लव हवेत तरंगत वर येते. उन्हाच्या पट्ट्यात ती इतकी सावकाश फिरते की बघता बघता कामाचं विसरायला होतं. मी घाबरट बाई आहे, पण त्या पट्ट्याकडे बघत असले की भीती जरा लांब जाऊन बसते.

मी मूळची भंडाऱ्याकडची. आमचा गाव तलावाचा. आमच्याकडे जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेले तलाव आहेत, माजी मालगुजारी म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. लहानपणी मला वाटायचं की ते खरंच कुणाच्या तरी मामाचे आहेत, आणि तो मामा कधीतरी येऊन सगळं पाणी घेऊन जाईल. पण पाणी तिथेच असायचं. घराच्या मागे पाणी, शाळेच्या वाटेवर पाणी, धानाच्या बांधीत पाणी. पाणी कुठून येतं असं कुणाला विचारावंसं वाटायचंच नाही.

शाळा मी नववीत सोडली. कुणी सोडवली नाही. इंग्रजीत नापास झाले आणि धाकट्या पोरींच्या सोबत पुन्हा त्याच बाकावर बसायची धास्ती वाटली, बस. आई म्हणाली, बस ना व माय, वर्षाचाच तर प्रश्न. मी नाही बसले. पुढे माझे मामा, खरे मामा, रेल्वेत ट्रॅकमन होते, त्यांना सोलापूरशेजारी होटगीला क्वार्टर मिळालं आणि मामीच्या बाळंतपणाला हाताशी कुणी हवं म्हणून मला बोलावलं. दोन गाड्या बदलून आले. बाळंतपण निभलं, बाळ रांगायला लागलं, मामांची बदली झाली. ते गेले आणि मी राहिले, कारण तोवर मला सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात पॅकिंगला काम मिळालं होतं.

पॅकिंगमधून लेबल छापायच्या टेबलावर कशी गेले आणि तिथून या ऑफिसात कशी, ते सांगायचं तर फार सरळ आहे. लेबलचा प्रोग्राम सारखा बंद पडायचा आणि दुरुस्तीला सर यायचे. ते दुरुस्ती करताना मी मागे उभी राहून विचारायचे, हे काय केलंत, ते काय केलंत. त्यांना राग यायला हवा होता. एक दिवस ते म्हणाले, "तू असं कर की, तितं येऊनच बस. हितं उभं राहून पाय दुखत्यात तुजे." सर इथल्याच जवळच्या वळसंगचे. गावची बोली त्यांनी ऑफिसात आणताना उंबऱ्याबाहेर काढून ठेवली नाही, त्यामुळे मलाही माझी भंडाऱ्याकडची वळणं लपवायची गरज पडली नाही. मोबाईलवर शिकवण्या बघत बघत, अडत अडत, मी कोड वाचायला शिकले. लिहायला त्याहून उशिरा. याबद्दल सरांचे उपकार मी मानते, आणि ते मानतेय असं दाखवलं की ते विषय बदलतात.

तर त्याच कारखान्याचा जुना प्रोग्राम काढून नवा बसवायचं काम ऑफिसला मिळालं. सरांनी मला समोर बसवलं आणि चहा मागवला. चहा मागवला की मला भीती वाटते, कारण चहावर ते महत्त्वाचं बोलतात. म्हणाले, जावयाला हाताशी धरून हे काम तू एकटीनं उभं कर. कारखान्याचे शेठ बघायला येतील. त्यांना पटलं तर कारखान्याचं पुढचं सगळं तुझ्याकडे, ही खुर्ची तुझी. नाही पटलं तर ते काम पुण्याच्या मोठ्या कंपनीला देणार आहेत, त्यांनी तसं बोलूनच ठेवलंय. मग ऑफिसात आपल्या दोघांपुरतं काम उरणार नाही. हे सांगताना त्यांना बरं वाटत नव्हतं, ते चहाच्या कपात बघत होते.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला होता. तो चांगला आहे. त्याला माझी काळजी आहे म्हणूनच तो म्हणतो, आता पुरे झालं, घरी ये. गावात मोठ्या रस्त्यावर त्यानं किराणा टाकला आहे, गल्ल्यावर घरचंच माणूस हवं आहे. "तिथं काहून पडून राहिली तू? इथं काय कमी हाये?" कमी काही नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण ज्या खुर्चीवर बसून मी कोड वाचते तशी खुर्ची तिथे नव्हती, आणि हे त्याला फोनवर कसं सांगावं ते कळेना. सरांचं हे काम होईपर्यंत थांब, मी म्हणाले. तो म्हणाला, ठीक, काम झालं की सांग.

मग मी फाईल लिहायला बसले. इंग्रजीत लिहू की काय या विचारानं पहिला दिवस तसाच गेला. सरांना विचारलं तर म्हणाले, मराठीत लिही, त्याला कळतंय. खरंच कळत होतं. ते कळल्यावर मला जी सुटका वाटली ती सांगता येत नाही. नववीतला तो बाक कुठल्या कुठे गेला.

आणि सुटका वाटली म्हणून मी लिहीतच गेले. मला ज्याची ज्याची भीती वाटते ते सगळं लिहिलं. जुन्या नोंदी पुसू नको. विचारल्याशिवाय नवी फाईल करू नको. तारखांना हात लावू नको. चाचणी चुकली तर पुढे जाऊ नको. पुढे गेलास तर मागे ये. खात्री नसेल तर विचार. सारखं विचारू नको. ऑफिसातून जायची वेळ झाली तरी एखादा 'नको' सुचायचाच, तो घातल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही. ती फाईल इतकी लांब झाली की खालपर्यंत जाताना बोट दुखायचं.

सहायकानं ती वाचली आणि तो माझ्यासारखाच झाला. एक ओळ बदलायला सांगितली तरी आधी परवानगी मागायचा. एका ठिकाणी मी विचार म्हटलेलं, दुसऱ्या ठिकाणी विचारू नको, तो कधी हे ऐकायचा, कधी ते. आणि जे खरंच महत्त्वाचं होतं ते त्या गर्दीत हरवून जायचं. मला वाटलं बिघडला. सरांनी माझ्या खुर्चीत बसून सगळी फाईल वाचली, अगदी शेवटपर्यंत, आणि चष्मा काढून कपाळ पुसलं.

"जावयाला दारातच एवढं सांगितलंस, तर त्यो च्या न घेताच माघारी जाईल की गं."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी मग दोन-चार गोष्टी नीट सांगितल्या. जे कोड बघून त्याला आपोआप कळतं ते लिहू नको. एकमेकांना छेदणारं लिहू नको. लांबलचक माहिती वेगळ्या फाईलींत ठेव आणि इथे फक्त सांग की ती तिकडे आहे, लागली की तो जाऊन वाचेल. आणि त्यांचा स्वतःचा एक आवडता नियम त्यांनी माझ्याकडून वरतीच लिहून घेतला, एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची नाही, दिसली तर एक करायची. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत हा नियम सगळेच पाळतात, आणि तो चांगला आहे.

मी फाईल कापली. कापताना वाटलं की अंगावरची पांघरुणं कुणी एकेक करून काढतंय. पण उरली ती आटोपशीर, एका नजरेत मावणारी. आणि मग काम जे सुरू झालं, त्या दिवसांना मी अजून मनात घोळवत असते. मी सांगायचे, तो लिहायचा. तो लिहिलेलं दाखवायचा, मी ओळ न ओळ वाचायचे. कारखान्याचं गोदाम, धुलाई, शिलाई, पॅकिंग, सगळं स्क्रीनवर हळूहळू उगवत होतं. ज्या दारातून मी डबा घेऊन आत जायचे ते दार कुठल्या तरी ओळीत आहे असं वाटायचं. खालची खटखट, वर तरंगणारी लव. मला कधीकधी असं भासायचं की मीही झोपेत कुठेतरी हेच लिहीत होते आणि आता फक्त आठवतेय.

माझी खोली अक्काच्या घरात, शहराच्या पूर्व भागात. घर तेलुगू बोलणारं. अक्काचा नवरा आयुष्यभर माग चालवायचा, आता त्याला कमी ऐकू येतं. अक्का विड्या वळते. मी खोली बघायला गेले त्या पहिल्या दिवशी ती मांडीवर सूप घेऊन बसली होती आणि सुपात भिजवलेल्या तेंदूच्या पानांची चळत होती. त्या पानांचा वास आला आणि मी दारातच थांबले. उन्हाळ्यात आईसोबत जंगलात जाऊन हीच पानं मी तोडली होती, पुडे बांधले होते. ती पुढे कुठे जातात याचा कधी विचार केला नव्हता. अक्कानं विचारलं, कुठली तू, मी सांगितलं. तिनं एक पान उचलून उजेडाला धरलं आणि म्हणाली, "मग हे तुझ्याकडचंच की, बिड्डा." बिड्डा म्हणजे लेकरू. भाड्याचं बोलायच्या आधी तिनं मला लेकरू म्हटलं होतं.

होटगीहून सामान हलवल्याची धूळ अंगावर घेऊन त्याच संध्याकाळी मी नहायला निळ्या पिंपातून बादली भरायला निघाले, तलावाच्या गावची आणि रेल्वे क्वार्टरच्या भरल्या नळाची मी, काठोकाठ भरायला. अक्का उठून आली. ओरडली नाही. मला मोरीपाशी उभं करून तिनं जे सांगितलं ते मोजकं होतं. इथे नळाला रोज पाणी येत नाही, पाळीनं येतं, चार-पाच दिवसांनी. आलं की गल्लीत हाक उठते, तेव्हा हातातलं टाकून यायचं. या निळ्या पिंपातलं नळाचं, ते पिण्याचं आणि स्वयंपाकाचं. त्या पिंपातलं बोअरचं, ते बाकी सगळ्याला. आणि मग तिनं कारणही सांगितलं. बोअरचं पाणी जड आहे, त्यात साबण फुटत नाही, डाळ शिजत नाही. किती उकळ, दाणा दाणाच राहतो. कारण सांगितलं म्हणून बाकीचं मला पुन्हा विचारावं लागलं नाही. चहा कुठल्या पाण्याचा, केस कुठल्या पाण्यानं धुवायचे, पांढरा कपडा कशात भिजवायचा, मीच उमजत गेले.

पुढे कधीतरी पहाटे उजाडता उजाडता गल्लीत हाक ऐकू आली, "नीळ्ळु! नीळ्ळु!" आणि मी झोपेतून उठून हंडा घेऊन बाहेर पडले तेव्हा लक्षात आलं की नीळ्ळु म्हणजे पाणी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेठ सोमवारी येणार होते. शनिवारी सगळं उरकलं. सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या. शेवटी सहायकानं नेहमीसारखा आढावा दिला, आज काय काय केलं त्याचा. त्यात एक ओळ होती, यादीत काही रंग दोन नावांनी आले होते, नियमाप्रमाणे ते एकत्र केले आहेत. मी ती वाचली. मला बरंच वाटलं, घर झाडून काढल्यावर वाटतं तसं. सरांनीही मागून वाकून पाहिलं आणि म्हणाले, झ्याक. नवा प्रोग्राम अजून कारखान्यात बसला नव्हता, सोमवारी शेठनी हो म्हटलं की बसणार होता.

रविवारी पाण्याची पाळी चुकली. कुठेतरी पाइप फुटला होता म्हणे. निळं पिंप तळाला गेलं, तेवढं प्यायला राखून ठेवलं आणि अक्कानं डाळ बोअरच्या पाण्यावर चढवली. मी उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होते. संध्याकाळचं पिवळं ऊन भिंतीवर होतं, रविवार म्हणून गल्लीतले माग बंद होते, आणि माग बंद असले की या भागात अशी शांतता पडते की आपणच बहिरे झालोय असं वाटतं. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत राहिल्या. अक्कानं झाकण काढलं, पळीवर दाणे घेऊन चिमटीत दाबले आणि मला दाखवले. दाणा तसाच. वर रंगही फिका, मातकट.

"पाणी वेगळं असलं की डाळच वेगळी होतीय बघ," ती म्हणाली. "एकाच डब्यातली, पण कोण म्हणेल?"

मी शेंग हातात धरून तशीच राहिले.

पॅकिंगमध्ये आम्ही टॉवेल दाराशी नेऊन उजेडात धरायचो. राणी रंगाचे दोन गठ्ठे यायचे, एक लखलखीत, एक जरा दबलेला. एकाच रंगाच्या डब्यातले. नळाचं पाणी संपलं की रंगाई बोअरच्या पाण्यावर व्हायची, आणि त्या पाण्यात राणी उमलायची नाही. दोन्ही चांगले, दोन्ही विकायचे, पण एका डझनात मिसळायचे नाहीत. आम्ही नजरेनं वेगळे करायचो, कुणी तोंडानं बोलायचंसुद्धा नाही. यादी ठेवणारं ऑफिस वेगळं, लेबलवर मी नुसते आकडे छापायचे, रंगांची नावं नाही. आणि त्या यादीत राणी होती आणि 'राणी बो' होती, बो म्हणजे बोअर. शनिवारी सहायकानं त्या दोघींची एक केली होती. त्यानं काय चुकीचं केलं? एकच गोष्ट दोनदा दिसली, ती एक करायला आम्हीच सांगितलं होतं. आता कारखान्यात ते बसलं असतं, तर प्रोग्रामच सांगत राहिला असता की हे सगळं एकच आहे, आणि एका गठ्ठ्यात दोन रंग बांधून परगावी जात राहिले असते.

त्या रात्री मी किती झोपले ते विचारू नका. सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेआधी गेले. एक किल्ली सरांनी कधीचीच माझ्याकडे देऊन ठेवलेली. खाली माग नुकते सुरू होत होते, आधी एक, मग दुसरा, मग सगळे एकमेकांत मिसळून गेले. केलेले बदल पावलापावलानं साठवलेले असतात, त्यामुळे शनिवारचं ते एक पाऊल मागे घेता आलं.

मग फाईल उघडली. तिथे लिहायचं होतं, राणी आणि राणी बो एक करू नको. आणखी एक 'नको'. मी ते लिहिलं आणि पुसलं. मोरीपाशी उभी असलेली अक्का मला दिसत होती. तिनं मला नुसतं नको म्हटलं असतं, तर मी पिंपाला हात लावायलाही भ्याले असते. मी पुन्हा लिहिलं, जसं तिनं सांगितलं तसं. या गावात नळाला रोज पाणी येत नाही. पाळी चुकली की रंगाई बोअरच्या पाण्यावर होते. ते पाणी जड आहे, त्यात रंग पूर्ण उमलत नाही. म्हणून नळाच्या पाण्यातली राणी आणि बोअरच्या पाण्यातली राणी या दिसायला सारख्या नावाच्या असल्या तरी दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या एका गठ्ठ्यात जात नाहीत. आणि शेवटी, कारण मला तेच सगळ्यात खरं वाटत होतं, बोअरच्या पाण्यात डाळही शिजत नाही.

मग त्याला नव्यानं बोलावलं. त्याला शनिवार आठवत नव्हता. त्यानं फाईल वाचली, रंगांची यादी वाचली, थोडा वेळ घेतला. मग लिहिलं की समजलं, राणी वेगळी ठेवतो. आणि विचारलं, यादीत आकाशी, केशरी आणि मोरपंखी यांच्यापुढेही 'बो' आहे, तीही बोअरच्या पाण्यातली असावीत असं वाटतं, तोच नियम त्यांनाही लावू का?

मी त्या तिन्हींबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

खिडकीतलं ऊन तोवर माझ्या टेबलापर्यंत आलं होतं. मी हो म्हटलं.

सर आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून हसत सुटले. मी म्हटलं, सर, तुम्हाला हे ठाऊक होतं ना? ते म्हणाले, "ठाऊक न्हायतर काय? बोअरच्या पाण्यावरच वाढलोय मी." मग फाईलीत का नव्हतं, विचारलं. त्यांचं हसू थांबलं.

"ठाऊक हाय म्हनूनच की," ते म्हणाले. "आपल्याला पानी कुटं दिसतंय? ते तुजासारख्या बाहीरनं आलेल्यालाच दिसनार."

शेठ आले ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच चष्मा पुसला, खिशातून दुसरा काढला, तोही पुसला. मी एकेक पान दाखवत गेले. माझा आवाज मलाच लांबून येतोय असं वाटत होतं. गोदाम झालं, धुलाई झाली. रंगांच्या यादीवर त्यांचं बोट थांबलं. राणी. राणी बो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे दोन का ठेवलेत, एकच करून टाकायचं की. ते खरंच विचारत होते की बघत होते, मला कळलं नाही.

मी सांगितलं, एक नळाच्या पाण्यातली आहे आणि एक बोअरच्या.

"आमच्यात व्हतीस न्हवं तू? पॅकिंगला?"

व्हय, मी म्हणाले. इतक्या वर्षांत तोंडातून पहिल्यांदाच इथलं व्हय निघालं.

"तरीच," शेठ म्हणाले, जणू ते ज्ञान त्यांच्याच कारखान्यानं मला दिलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. बोट पुढे सरकलं. चहा घेतला, आणि जाताना सरांना म्हणाले की पुण्याला फोन करून सांगून टाकतो, हितंच होतंय म्हणून.

दार बंद झाल्यावर सर माझ्या टेबलाशी आले, खुर्चीचा एक पाय डुगडुगायचा, तो वाकून बघितला आणि म्हणाले, उद्या सुताराला बोलावू, आता हीच वापरायची तर नीट करून घेऊ.

भावाला फोन केला. काम झालं म्हणून सांगितलं. तो खूश झाला, कधी येतेस, म्हणाला. मी म्हटलं, येते, आठ दिवस राहते, पण परतीचं तिकीट काढूनच निघते. मागे दुकानात कुणीतरी साखर मागत होतं. मग त्यानं विचारलं, तिथं पाणी तरी मिळते का धड? मिळतं, म्हटलं, पाळीनं मिळतं. तलाव भरला का आपला, मी विचारलं. भरला, म्हणाला, पार काठाला आलाय. बराच वेळ आम्ही तलावाबद्दलच बोलत राहिलो.

अक्काला सांगितलं तेव्हा ती पानं कापत होती. कात्री न थांबवता तिनं सगळं ऐकलं. त्या सहायकाबद्दल मी तिला आधीही सांगितलेलं, तिला ते कुणी नवं आलेलं पोरगं वाटतं, आणि मी तिची समजूत काढायचं सोडून दिलं आहे. तिनं एवढंच विचारलं, त्याला डाळीचं सांगितलंस का?

सांगितलंय, मी म्हणाले.

सर म्हणतात ती ओळ काढून टाक, जावई काय जेवणार आहे का. फाईल आटोपशीर असावी हे त्यांचं बरोबर आहे. त्यानंतर मी तिच्यातून पुष्कळ काही काढलं, पुष्कळ घातलं. ती ओळ ठेवली. रोज सकाळी मी खुर्ची ओढते, खाली पहिला माग सुरू होतो, आणि ज्याला काहीच आठवत नाही तो वाचायला लागतो की इथे पाणी रोज येत नाही.